पुतळ्याला मुराळी

नारळी पौर्णिमा झाली की माझ्या पोटात दुखू लागतं. लेकीला वाटतं, नारळीभात जास्त झाला. मीही तिला तसंच वाटू देते, चिमूटभर ओवा तोंडात टाकते आणि खिडकीशी जाऊन बसते. खरवईच्या तिच्या ह्या नव्या घरातून भाताचं खाचर दिसतं, पलीकडे कुणाच्या तरी बांधकामाच्या विटा, आणि त्याहून लांब ढगात अर्धा बुडालेला डोंगर. समुद्र दिसत नाही. दिसणार कुठून? तरी ह्या दिवसांत मी तो उगाच शोधते.

आमच्या गावी त्या दिवशी दर्याला नारळ देतात. विजयदुर्गाच्या अलीकडचं लहानसं बंदर आमचं. नारळ पडला की दर्या निवतो म्हणत. मग होड्या पाण्यात उतरत, आणि पावसाळाभर बंद असलेली मुंबईची बोट पुन्हा धक्क्याला लागू लागे. बोट सुरू झाली की मुराळी निघत. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. भाऊ, नाहीतर चुलता, कुणीच नसलं तर गावचा एखादा भरवशाचा माणूस. तो ट्रंक उचलून पुढे चालायचा आणि लेक मागून. मुराळी आल्याशिवाय लेकीने आपण होऊन जायचं नाही. गेली, तर पाणवठ्यावर बायका विचारणारच, "काय गो, भांडान इलंस?"

माझं लग्न झालं आणि मी अंबरनाथला आले. आई पुढच्याच पावसाळ्यात गेली. बोट बंद होती, मला कळलं तेव्हा दिवसपाणी होऊन गेलं होतं. मला मुराळी आलाच नाही.

तक्रार करावी असं काही नव्हतं, हीच माझी पंचाईत. अंबरनाथ पूर्वेला चाळीत दोन खोल्या होत्या. नळ दारात नव्हता पण फार लांबही नव्हता. हे एका ओतशाळेत कामाला होते. पितळेच्या समया, देवळांच्या घंटा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा अर्धपुतळा, असं तिथे ओतलं जाई. ओतून निघालेल्या खडबडीत धातूवर छिन्नी आणि कानस चालवून त्याला डोळे, नाक, धोतराच्या चुण्या द्यायचं काम ह्यांचं. हे घाटावरचे, बोलायला कमी. पण कधी हात उगारला नाही, कधी पानाला नाव ठेवलं नाही. मोठ्या कारखान्याचा भोंगा झाला की शेजारणी म्हणत, "तुझं नशीब बघ." मी बघायची. बघून पुन्हा बघायची, न जाणो कुणी काढून नेलं तर. सुखाचीसुद्धा धास्ती वाटावी असा माझा स्वभाव. इतकं मिळालेल्या बाईने आणखी काय मागावं? म्हणून मी माहेराचं नाव तोंडातून काढत नसे. ह्यांनीच एकदा विचारलं, "मी सोडून येऊ का तुला?" मी म्हटलं, "बोलावल्याशिवाय?" हा नियम घाटावरही ठाऊक होता.

हेवा मात्र मला लहानपणापासून येतो. चौथीत माझी शाळा सुटली. आईची कंबर धरली तेव्हा घरात दोन पाट्या होत्या, एक दादाची आणि एक माझी. खाली ठेवायची कुठली हे कुणी विचारलंसुद्धा नाही. दादाला कविता पाठ होत नसत. मी चुलीत फुंकर घालता घालता त्याला पुढची ओळ सांगायची. तो मॅट्रिक झाला, गावच्या शाळेत मास्तर झाला. मी अजूनही ऱ्हस्व-दीर्घ अंदाजाने लिहिते. तेव्हा माणसांचा हेवा करायची सवय होती. पितळेच्या पुतळ्यावर जळावं लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

नवे पैसे निघायच्या आधीची गोष्ट. उन्हाळ्याच्या दिवसांत हे कामावरून आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "तुझ्या गावचं काम आलंय. कुणी दाजीबुवा होते का? नाटकांना चाली लावायचे?"

होते का म्हणजे? त्यांच्या मागून चालत मी मोठी झाले. ओहोटीला ओल्या वाळूवरून दाजीबुवा अनवाणी चालत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक हात कानामागे. लाट यायची, पाऊल भिजवून जायची, बुवा गुणगुणत. चाल लावायची तर चालायला नको का, असं म्हणत. आम्ही पोरं मागून त्यांच्या उमटलेल्या पावलांत पावलं टाकत जायचो. ती एवढी मोठी की आमची दोन मावत. एकदा ते मागे वळले आणि दादाकडे बघून म्हणाले, "हिची पावलं तालात पडतात. तुझी नाही रे." दादा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मला आयुष्यात जी काही बक्षिसं मिळाली त्यात ते एक.

तर गावात कमिटी झाली होती, आणि बंदराच्या वाळूपाशी बुवांचा उभा पुतळा बसवायचा ठरलं होतं. चालत असलेले, अनवाणी, हात कानामागे. पुतळा अंबरनाथला होणार आणि आश्विनात, दर्या मोकळा झाला की, बोटीने गावी जाणार.

"म्हणजे तुझ्याआधी बुवाच माहेरी निघाले," शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

ईश्वरीबाई तेवढी हसली नाही. ती उल्हासनगरच्या कॅम्पातून पापडाची टोपली घेऊन यायची. फाळणीत कराची सोडून आलेली बाई, लष्कराच्या जुन्या बराकीत पोत्याचे पडदे लावून राहत होती. माझ्या लेकीच्या वेळी सुईण यायच्या आत तीच माझ्या उशाशी होती. तिच्या सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. तिने विचारलं, "अदी शांता, पुतला किसका?"

"दाजीबुवांचा. चाली लावायचे ते."

"किससे?"

"कुणाशी नाही गं. नाटकात. दर नाटकात नव्या नव्या चाली."

ती पापड मोजायचं विसरली. "चालबाज आदमी? और उसका पुतला?" मग मला गुणगुणून दाखवावं लागलं. चाल म्हणजे गाण्याची चाल, म्हटलं, लबाडीची नव्हे. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं, "दर्या के सामने खडा करेंगे?"

"हो."

"किस्मतवाला है," ती म्हणाली. तिच्या तोंडचा तो शब्द माझ्याच पोटातून निघाल्यासारखा होता. तिला कराचीचा समुद्र होता. तिथे ती पाण्यात तांदूळ आणि साखर सोडायची, ओढणीचं टोक पसरून मागणं मागायची. त्याला ते अखो म्हणतात. इथे तिने वालधुनीच्या नाल्यात तो सोडला. पानी तो पानी है, असं म्हणायची. म्हणताना नाल्याकडे बघायची नाही.

त्या दोन-तीन महिन्यांत घरात दुसरा विषय नव्हता. बदलापूरच्या नदीकाठची चिकणमाती, खरवईचा भाताचा कोंडा आणि शेण मळून साचे करत होते. ह्यांना माती चाळताना खोकला झाला, तो खोकलासुद्धा बुवांचाच. हे जेवताना बोटाने ताटात कान काढून दाखवत. "कानामागचा हात कठीण आहे. अंगठा जरा चुकला तर माशी हाकलताहेत असं वाटेल." इतकं हे माझ्याशी लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नव्हते. मी पोळी वाढायची, आणि आतल्या आत धुमसायची. गाव माझं, बुवा माझे, आणि कौतुकाने सांगायचे हे. तेही मलाच.

मग पोती आली. कमिटीने गावात घरटी एक पितळेचं भांडं मागितलं होतं. बुवांचा पुतळा साऱ्या गावाच्या भांड्यांतून व्हावा, अशी कल्पना. लोकांनाही ते सोयीचं होतं. घरोघर जर्मनची भांडी येत होती, हलकी, पांढरी, घासायला सोपी. जड पितळ कोनाड्यात गेलं होतं. पोती ओतशाळेत उघडली, आणि त्या संध्याकाळी हे घरी आले ते पंच्यात काहीतरी गुंडाळून.

"बघ बरं. तुमच्या घरचं का?"

तांब्या होता. काठाशी चेपलेला, तळाशी जुन्या कल्हईचा डाग. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: सो. गंगा. सौभाग्यवतीतली एक मात्रा नाव घालणाऱ्याने गाळली होती. मी दुसरीत असताना आईला ती चूक दाखवली होती, शाळेत शिकल्याचा तोरा होता ना. आई म्हणाली होती, "पाणी गळता काय त्यातून? नाय ना? मगे."

म्हणजे वहिनीने दिला होता. घरात दुसरी भांडी होती, मोठं घंगाळ होतं, फुटकी परात होती. दिला तो आईचा तांब्या. मी तो भरून ठेवला. रात्रीचं जेवण त्यातल्या पाण्यावर झालं. मुलीला पाजलं. ह्यांनी फक्त दोनदा माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीबाई म्हणाली, "रख ले. एक लोटे से क्या पुतला छोटा होगा?" खरं होतं. आणि तरी मला धीर होईना. लोकांनी बुवांना म्हणून दिलेलं. उद्या कुणी ह्यांच्याकडे बोट दाखवलं तर? ओतशाळेच्या ज्या मालकाने आम्हाला त्या दोन खोल्या मिळवून दिल्या त्याच्या दारातून आलेली वस्तू. पण ही झाली वरवर सांगायची भीती. खाली दुसरंच काही होतं. मला वाटलं, ठेवून काय करू? हा तांब्याही माझ्यासारखाच इथे अडकेल. आमच्या घरचं कुणीतरी परत जाऊ दे.

मी तो ह्यांच्या हातात दिला. "कशात जाईल हा?"

"पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओततात. डोकं, धड, हात. मग जोडायचे. पाय परवा ओतायचेत, लहान मुशीत."

"मग पायात घाला."

"पायात? आईचं नाव, आणि पायात?"

"पायच तिथे लागणार आहेत," मी म्हटलं.

ह्यांनी तांब्या उलटसुलट केला, अंगठा त्या गाळलेल्या मात्रेवरून फिरवला, आणि नेला.

पाय छान उतरले, असं सांगितलं. हे त्या पायांची नखं कोरत होते, घोटे घासत होते, टाचेच्या भेगासुद्धा काढल्या. घरी माझ्या टाचांना भेगा होत्या त्या कधी दिसल्या नसतील. मी चुलीपुढे बसून जळायची, आणि जळताना मलाच हसू यायचं. कुणावर जळतेय मी? नवऱ्याच्या हातातल्या कुणा म्हाताऱ्या गवयाच्या पायांवर, की आईवर?

आश्विन लागला आणि कमिटीचा माणूस पुतळा न्यायला आला. कमिटीचा चिटणीस. दादा.

चाळीच्या तोंडाशी त्याला बघितलं तेव्हा हातातलं पीठ तसंच घेऊन मी उभी राहिले. नव्या टोपीचा, थोडा सुटलेला, हातात नारळ आणि हार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माहेरचं माणूस दारात. शेजारच्या पोरी ओरडत पुढे पळाल्या, "शांताकाकूंना मुराळी आला."

बातमी मला खोटी करवेना. मी दादाला पाट दिला, गूळ-पाणी दिलं. तो घामाघूम होऊन सांगत होता, बोट कधी सुटते, क्रेन कुठून आणायची, उद्घाटनाला कोण कोण येणार. हार कुठे ठेवू, म्हणाला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "बुवांना आहे तो." मग खिशातून काजूगराची पुडी काढली. "तुला ही. तुझ्या वहिनीने दिलीय."

एवढ्यात ईश्वरीबाई आली. पोरींनी तिला नाक्यावरच गाठलं असावं. टोपलीत दोन पापडाच्या गड्ड्या, कैरीचं लोणचं, आणि तांदूळ-साखरेची एक पुरचुंडी. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती दादाला म्हणाली, "भाई, अच्छा किया आ गये. बहुत साल रोयी है ये, बोलती नहीं है. बच्ची के लिए स्वेटर रखना, बोट पे हवा लगती है."

दादाच्या तोंडात गूळ होता. तो चघळायचा थांबला.

"नाही, म्हणजे... मी बुवांना न्यायला आलोय."

"कौन बुवा?"

"पुतळा."

ईश्वरीबाईला मराठी चांगली कळायची. तिने तो शब्द तरी हिंदीत एकदा विचारून घेतला. मग माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुतले को लेने भाई आया. और बहन को लेने कौन आयेगा, पुतला?"

हे दारात उभे होते. दादा कपाळ पुसत म्हणाला, "शांते, तसं नाही गं. ह्या खेपेला घरात पाहुणे उतरणार, समारंभाची धावपळ, वहिनी एकटी पडते. पुढच्या खेपेला येईन ना. मुद्दाम येईन."

"मी कुठे काय म्हटलं?" मी म्हटलं. "जेवून जा. पापड भाजते."

त्याने पापड कौतुकाने खाल्ले. ईश्वरीबाई जाताना ती पुरचुंडी माझ्या हातात देऊन गेली. मी ती दादाला दिली, म्हटलं, बुवांना उभं केलंस की त्यांच्यासमोर पाण्यात सोड, कराचीच्या एका बाईची आहे. त्याने ती टोपीखाली ठेवल्यासारखी जपून घेतली. दादा वाईट नव्हता. चांगल्या माणसांचा राग धड करता येत नाही, तो आंबत जातो.

निघण्याच्या दिवशी ओतशाळेच्या अंगणात ट्रक लागला. बुवा गोणपाटात गुंडाळलेले, तोंड आणि पाय तेवढे उघडे. मालक म्हणाले, त्यांच्या गावची लेक आहे, तीच ओवाळू दे. मी बुवांना कुंकू लावलं, ओवाळलं, आणि वाकून दोन्ही पावलांवर हात ठेवले. गार होती. माहेरी निघालेल्याला सासरी राहणारीने ओवाळायचं, असा विधी कुठे असेल तर मला ठाऊक नाही. मी तो केला. माझे डोळे बघून मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "किती भक्ती हिची." दादा ट्रकच्या पुढे चालत फाटकापर्यंत गेला. हातात ट्रंक नव्हती एवढंच.

पुढची खेप आली नाही. आणखी कितीदा दर्याला नारळ पडला, बोट सुटली, माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. ईश्वरीबाई विचारायची बंद झाली. मी मनाशी म्हणायची, तू खातेस-पितेस, सुखी आहेस. आणि मग डोळ्यांपुढे ते उभे राहायचे, लाटांच्या समोर, दिवसरात्र, कुणाच्या बोलावण्याची गरज नसलेले.

मग एके दिवशी हे कामावरून लवकर आले. गावच्या कमिटीचा निरोप होता. खाऱ्या वाऱ्याने पुतळा हिरवा पडला, ओतशाळेने माणूस पाठवून साफ करून द्यावा. मालकांनी ह्यांना जायला सांगितलं होतं.

"कपडे भर," हे म्हणाले. "तुझे आणि पोरीचे."

"बोलावल्याशिवाय?"

"बुवांनी बोलावलंय," हे म्हणाले. एवढं बोलून पाय धुवायला गेले.

अशी मी गेले. माझ्या आयुष्यात मला आलेला एकुलता एक मुराळी, पितळेचा. बोटीतून उतरले तेव्हा तो आधी दिसला, घर नंतर. खरोखरच हिरवा पडला होता, टोपीपासून धोतरापर्यंत, शेवाळलेल्या खडकासारखा. कोळ्यांनी कानामागच्या हाताला जाळ्याची दोरी अडकवली होती. फक्त पाय पिवळेधमक. ह्यांनी चिंच, राख, औषधं सगळं आणलं होतं. पायांना काही करावंच लागलं नाही.

वहिनी आम्हाला घ्यायला वाळूपर्यंत आली होती. पदर सावरून म्हणाली, "येता-जाता पायांका हात लावतत ना सगळे, म्हणून. मी तर रोज येतंय. सकाळचा पाणी भरूक जाताना एक फूल ठेवतंय." आणि माझ्यासमोर वाकली. दोन्ही हात त्या पावलांवर ठेवून क्षणभर थांबली, मग बोटं कपाळाला लावली.

ह्याच क्षणाची मी कितीतरी रात्री मनात तयारी केली होती. सांगायचं, वहिनी, तू कुणाच्या पाया पडतेस ते बघ. जिचा तांब्या तुला घरात नको होता तिच्या. वाक्य तयार होतं. ह्यांनी हातातला फडका थांबवून माझ्याकडे बघितलं. त्यांनाही ठाऊक होतं ते वाक्य.

पण तिच्याकडे बघताना मला वेगळंच दुखायला लागलं. ही रोज येते. रोज त्या पायांवर हात ठेवते. मी अंबरनाथला भोंग्यावर उठते आणि नळावर रांग लावते, आणि माझ्या आईला रोज फूल मिळतं ते हिच्या हातून. जळायला मला तिथेही काही कमी पडलं नाही. आणि सांगितलं असतं, तर ती शरमेने उद्यापासून आली नसती. मग ते फूलही थांबलं असतं.

"छान फुलं असतात तुझी," मी म्हटलं.

"तगरीची," वहिनी म्हणाली. "तुमच्या आईनं लावलेली."

संध्याकाळी ओहोटी लागली. हे शिडीवर चढून बुवांचा कान घासत होते. दादा चौथऱ्याच्या सावलीत बसून म्हणाला, "ती तांदूळ-साखरेची पुरचुंडी मी सोडली होती हं, शांते, समारंभाच्या आधी." मी मान हलवली. चपला काढल्या, आणि पुतळ्याच्या पुढून, जिथून ओली वाळू सुरू होते तिथून, पाण्याकडे चालायला लागले. चार-सहा पावलं झाल्यावर मागे वळून बघितलं. बुवा एक पाय पुढे टाकून उभे. त्यांच्यासमोर वाळूत त्यांचं एकही पाऊल नव्हतं. होती ती माझीच.

मुराळी पुढे चालतो, लेक मागून. मी त्या पितळेच्या पायांकडे बघत थोडी थांबले. मग पाण्याकडे वळले आणि सावकाश, तालात, पुढे चालू लागले.